जयंतीची फळी

९ फेब्रुवारी २०२५
ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा

चि. संघपाल यास,
जय भीम.

फोनवर तू ओरडलास, मी फोन आपटला. आई म्हणाली होती ना, "फोनवर नुसतं भांडता, त्यापरीस लिहा, सरिता मला वाचून दाखवंल." म्हणून मेल करते. प्रिंट काढ आणि तुझ्या बायकोला आईपुढं सगळं वाचू दे. मधलं गाळायला सांगू नको.

तुझं स्टेटस बघितलं. वाळूजच्या शेडपुढं गॉगल लावून उभा आहेस. मी तुझ्याकडं बघितलंच नाही, तुझ्या मागच्या थप्पीकडं बघितलं. आमच्या गिरणीचं लाकूड छापील प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतं, रंधा मारलेलं, चारी कडा गोल केलेल्या. तुझ्या मागची थप्पी उघडी, खरबरीत, कडा उभ्या. ते कॅनडाचं लाकूड नाही संघा. न्यूझीलंडचा पाईन आहे, गुजरातेत गांधीधामला चिरलेला. मला शिकवू नको. सहा वर्षं झाली मला या गिरणीच्या गावात, आणि लहानपणापासून आबांच्या हाताखाली खोकी ठोकून वाढलोय आपण दोघं.

तुझे दाजी इकडं यायला निघाले तेव्हा तू आईसमोर दोन शब्द दिले होतेस. शेड तुम्ही दोघांनी उभं केलं होतं. पत्रे राजेंद्रनी चढवले, कंपनीच्या मालाखाली घालायचं पहिलं लाकडी पॅलेट राजेंद्रनी ठोकलं. तू म्हणालास, दाजी ज्या गिरणीत जातील तिथलंच लाकूड आपण घेऊ. आणि म्हणालास, दाजी परत आले की शेडमधली त्यांची जागा त्यांचीच, बरोबरीचे भागीदार म्हणून. पहिला शब्द मोडलेला मी डोळ्यांनी बघितला. दुसऱ्याचं काय, ते सरळ मराठीत लिही.

आईला म्हणावं गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी आक्का,
रूपा


२३ फेब्रुवारी २०२५
छत्रपती संभाजीनगर

ती. आक्कास,
जय भीम.

सरितानं वाचलं. मी म्हटलं नको, आई म्हटली वाच, अन् तुझा एकेक शब्द ऐकून मान हलवत बसली. झालं समाधान?

ती थप्पी माझी नाय. एका पार्टीची होती, दोन दिवस ठेवली होती. कॅनडाचंच लाकूड घेतोय मी. पण समज, न्यूझीलंडचं घेतलं असतं तर काय गुन्हा केला असता? न्यूझीलंडवाला गोल ओंडका पाठवतो. चिरायचं काम इकडच्या पोरांच्या हाताला मिळतं. तुमचा कॅनडा चिरून, रंधून, गुंडाळून पाठवतो अन् ती सगळी मजुरी आपल्याकडून वसूल करतो. इथं कंपनीवाल्याला पॅलेटवर भट्टीत तापवून कीड मारल्याचा शिक्का पायजे, बाकी काय बी नको. फळीची जात विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाह्यलं नाय. तूच एक भेटली.

दाजींची जागा कुठं पळून चालली? बिडकीनला नवीन शेडचं बघतोय. मोठं काम हाय, भट्टीसकट. ते होऊ दे, मग बोलू.

आई विचारती, जयंतीची फळी यंदा निघणार ना? दरवर्षी चौदा एप्रिलला दाजी निळ्या खडूनं 'जय भीम' लिहून ती फळी आपल्या बंडलावर वरून ठेवतात, आषाढी पौर्णिमेच्या आसपास आई शेडमध्ये येऊन बंडल सोडती, अन् त्या एका फळीला आम्ही खिळा लावत नाय. पाच वर्षांच्या पाच फळ्यांचं फडताळ झालंय बाबासाहेबांच्या फोटोखाली. सहावीसाठी आईनं भिंत पुसून घेतलीय. तेवढं कळव, बाकीचं भांडण नंतर कर.

तुझा,
संघपाल


३० मार्च २०२५

संघा,
जय भीम.

"पार्टीची थप्पी होती." बरं. आरशासमोर उभा राहून एकदा म्हणून बघ, तुला तरी पटतं का.

तुला भाव कळतो, मला आकडे कळतात. इथल्या लायब्ररीत बसून मी दोन्ही देशांचे वीस वर्षांचे आकडे काढले. कॅनडाचं चिरीव लाकूड आणि न्यूझीलंडचं गोल लाकूड, बाहेर किती गेलं ते. दोन रेघा ओढल्या, त्या सोबत जोडल्या आहेत. कॅनडाची रेघ दोन हजार पाचच्या आसपास सगळ्यात वर होती. मग अमेरिकेत घरं बांधायची थांबली आणि ती धाडकन खाली आली. पुन्हा थोडी चढली, चीननं घेतलं तेवढे दिवस. नंतर भुंग्यानं जंगलं खाल्ली, आगीनं खाल्ली, वर अमेरिकेचा कर. आता ती रेघ जिन्यावरून उतरणाऱ्या म्हातारीसारखी आहे, एकेक पायरी.

आणि तुझं लाडकं न्यूझीलंड. त्याची रेघ दोन हजार आठनंतर चढत गेली, तिपटीच्या वर गेली, का तर चीननं ओंडके उचलले. पण मागच्या तीन-चार वर्षांत बघ, तीसुद्धा कलली आहे. आणि तिथले ओंडके तसेच जहाजावर चढतात म्हणून तिथल्या सॉ मिलवाल्यांना लाकूड परवडेना, गिरण्या बंद पडतायत. तुझ्या पोरांच्या हाताला काम मिळालं म्हणतोस, ते तिकडच्या कुणाच्या तरी हातातून निघालंय. हे तुला कुणी सांगितलं नसेल, कारण गांधीधामचा दलाल हे सांगत नसतो.

अशा उतरत्या रेघेवर माणसं राहतात संघा. माल महाग झाला की गिऱ्हाईक एकेक करून गळतं आणि प्रत्येक जण म्हणतो, माझ्या एकट्यानं काय होतंय. त्यात तूही आहेस का, एवढंच मी विचारतेय. आणि दाजींच्या जागेचं "नंतर बोलू" मला चालणार नाही. आत्ता बोल.

तुझी आक्का


२० एप्रिल २०२५

आक्का,
जय भीम. जयंतीची मिरवणूक जोरात झाली. आईला क्रांती चौकात खुर्ची टाकून बसवलं होतं.

तुझ्या रेघा पाह्यल्या. सरितानं आईला बोटानं हवेत काढून दाखवल्या. आई म्हटली, "दोन्ही खालीच चालल्यात, मग भांडता कशापायी?" मला तर हसूच आलं.

पुढचं वाचून मात्र हसू पळालं. तू मला कशाचा जाब विचारतीस? कॅनडाचं बहुतेक लाकूड अमेरिकाच घेती, हे तूच मागं फोनवर सांगितलंस. माझे कंटेनर म्हंजी हत्तीच्या कानातली माशी. जाऊन अमेरिकेशी भांड. तिथं बोलायची हिंमत नाय, म्हणून धाकट्या भावावर आरडायचं, असा न्याय हाय का? इथं वाळूजच्या रस्त्यावर चार नवे पॅलेटवाले आलेत. कंपनीचा साहेब भाव पाडून मागतो अन् वर चहा बी आपल्याकडूनच पितो. मी धंदा करू का तुझी रेघ सांभाळत बसू?

अन् हे सगळं तूच कामून लिहितीस? दाजींचं एक अक्षर नाय. पहिल्यांदा चार ओळी तरी असायच्या खाली, 'संघपाल, भट्टीला पाणी लागू देऊ नकोस' असलं काहीतरी. आता मोठे झालेत व्हय? कॅनडाचं पाणी लागलं? आई रोज विचारती, जावयाचं काय? मी काय सांगू?

फळी निघाली का नाय, त्याचं बी उत्तर तू दिलं नाय.

संघपाल


११ मे २०२५

संघपाल,
जय भीम. आई, तुला पण जय भीम.

फळी निघाली. चौदा तारखेला लिहिली त्यांनी, निळ्या खडूनं, दरवर्षीसारखी. यंदा खाली तारीखपण टाकली आहे. बंडल जहाजावर चढलंय. आषाढीपर्यंत मिळेल. राजेंद्र मजेत आहेत, कामाचा व्याप वाढलाय म्हणून लिहायला सवड नाही. आई, काळजी करू नकोस.

आता संघा, तुझ्याशी. शेजारच्या करुणाचा मेसेज आला. म्हणते, तुझ्या शेडमध्ये रोज एक पांढरी गाडी येते आणि ऑफिसच्या खुर्चीत बसतो तो तात्यासाहेबांचा नातू, विश्वजीत. खरं का? लासूरचे तात्यासाहेब? ज्यांच्या खळ्यावर आबांनी उन्हातान्हात सरपण फोडलं, आणि ज्यांच्या घरी आबांचा पेला वेगळा ठेवलेला असायचा, ते तात्यासाहेब? आबा खोकी ठोकायला शहरात आले ते कुणामुळं, हे तू विसरलास की काय? बिडकीनचं शेड त्याच्या बरोबर करतोयस? आणि गांधीधामचं लाकूड तोच पुरवतो, असं मी आता अंदाजानं म्हणते. तू नाही म्हण. म्हणून दाखव.

माझं डोकं सणकलंय. तुझा तो गॉगल आता मला कळला.

रूपा


१३ जुलै २०२५

आक्का,
जय भीम.

दोन महिने मी मुद्दाम लिहिलं नाय. तुझं पत्र वाचून झाल्यावर आई दोन दिवस जेवली नाय. आबांच्या पेल्याचं काढायची काय गरज होती? मला माहीत नाय व्हय ते? तू वाचून शिकलीस, मी त्यांच्या पाठीवरचे वळ चेपून शिकलो.

व्हय, विश्वजीत येतो. तात्यासाहेब मेले, त्यांचा पेला बी गेला. आता त्यांचा नातू माझ्या शेडमध्ये येतो, मी त्याच्या दारात जात नाय. माझ्याच कपात चहा पितो. आबांनी हे पाह्यलं असतं तर त्यांची छाती फुगली असती. बिडकीनला त्याची जागा हाय, माझं काम हाय. याच्यात वाईट काय ते मला समजून सांग.

अन् कॅनडाचं लाकूड घेतो का नाय, तर ऐक. जयंतीची फळी आली! आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बंडल सोडलं. आई रिक्षातून आली होती नवं लुगडं नेसून. वरच्याच फळीवर निळ्या खडूनं दाजींचं अक्षर, 'जय भीम', खाली '१४ एप्रिल २०२५'. आईनं फळीवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बोट पदरात धरून बसली. लई भरून आलं असंल. फडताळात सहावी लावली मी माझ्या हातानं. आता तरी तुझा संशय मिटला का? दाजींना म्हणावं, अक्षर यंदा जरा तिरकं आलंय, म्हातारे झाले.

चूक कबूल कर अन् सोड विषय.

संघपाल


२० जुलै २०२५

हे पत्र आईला वाचून दाखवू नको. सरितालाही देऊ नको. तू एकटा वाच.

फळी आली? कुठून आली रे? गिरणी मागच्या ऑक्टोबरात बंद पडली. धम्मचक्र दिनाच्या आठवड्यात. फाटकाला साखळी लागली, आतली यंत्रं लिलावात गेली. जयंतीला तिथं चिटपाखरू नव्हतं. खडू नव्हता, बंडल नव्हतं, फळी नव्हती. मी आईसाठी खोटं लिहिलं. पत्र वाचून दाखवतात म्हणून खोटं लिहिलं. मला वाटलं, आषाढी उलटली की सांगेन, जहाजात बंडल हरवलं.

आणि तू ती फळी आणून दाखवलीस! स्वतः खडू घेऊन राजेंद्रचं अक्षर काढलंस! त्यांची सही करावी तसं! लाज वाटली नाही तुला? आईचा हात फिरला त्याच्यावरून आणि तू बाजूला उभा राहून बघत होतास. वर मलाच सांगतोस, चूक कबूल कर.

दाजींचं अक्षर का नाही, विचारत होतास ना. ते तीन तासांवरच्या गावात गोदामात काम करतात, ढकलगाडीवर खोकी रचायची. आठवड्यातून एकदा घरी येतात. ज्या माणसानं भट्टी बांधली, फळी हातात घेऊन तिच्यात किती ओल ते सांगायचा, तो माणूस. मला शपथ घातली होती, माहेरी कळू द्यायचं नाही. ते म्हणतात, संघपालकडं जागा आहे, हिवाळ्याआधी आपण परत जाऊ. एवढ्या एका गोष्टीवर हे घर उभं आहे. म्हणून मी सहा महिने तुझ्या मागं लागले होते, आणि तू मला रेघा, हत्ती आणि माशी सांगत होतास.

आता सांग. जागा आहे की नाही?

रूपा


३ ऑगस्ट २०२५

आक्का,

पत्र कुणाला दाखवलं नाय. प्रिंट काढून एकट्यानं वाचलं अन् ड्रॉवरमध्ये ठेवलं.

मी खडू घेतला, व्हय. तू लिहिलंस बंडल चढलं. मी कॅनडाचं लाकूड मागच्या आषाढीच्या बंडलानंतर बंद केलं होतं. माझ्याकडं बंडल येणार कुठून? मला वाटलं, दाजींनी लिहिलेली फळी तिकडं भलत्याच वखारीत उतरली असंल, कुणी तरी तिचं पॅलेट करून टाकलं असंल. जेएनपीटी बंदरातल्या चार एजंटांना फोन केले मी. निळ्या खडूची फळी दिसली का, असं विचारलं. हसले साले. मग आई रोज विचारायची, आली का, आली का. मग मी न्यूझीलंडची एक बरी फळी काढली अन् लिहिलं. माझी मला घाण वाटली. पण तू खोटं लिहिलं नसतंस तर मला ते करायची पाळीच आली नसती. तुझं खोटं ते आईवरचं प्रेम अन् माझं खोटं ती बदमाशी, व्हय गं?

ऑक्टोबरात सांगितलं असतंस तर आज हे घडलंच नसतं. तव्हा विश्वजीत नव्हता. मी एकटा होतो. मी तुमची वाट पाहत होतो, अन् तिकडून नुसते बर्फातले फोटो यायचे. मला वाटलं हे आता येत नाय. कोण येतंय कॅनडा सोडून वाळूजच्या पत्र्याखाली?

आता जागा नाय आक्का. विश्वजीतची अट हाय, भागीदार दोघंच, तिसरं नाव नाय. लाकूड त्याच्याच लायनीचं. बिडकीनच्या कर्जाला वाळूजच्या शेडची जागा तारण द्यायचीय. जागा आईच्या नावावर, तिची सही झाली की दसऱ्याला बोर्ड लागतो. दाजी आले तर पगारावर ठेवीन. सुपरवायझर म्हणून. चांगला पगार देईन. माझ्याच्यानं एवढंच होतंय. शिव्या द्यायच्या तर दे.

संघपाल


१७ ऑगस्ट २०२५

शिव्या देत नाही. तेवढीही किंमत नाही तुझी.

पगारावर ठेवशील? राजेंद्रला? आबांना तात्यासाहेबांनी ठेवलं होतं तसं का? मालकी तीच, फक्त खुर्चीत आता तू. त्यांचा नातू तुझ्या कपात चहा पितो म्हणून छाती फुगवतोस, आणि तुझा स्वतःचा दाजी त्याच शेडमध्ये उभ्यानं हजेरी देणार. छान पांग फेडलेस.

इथं धूर आहे. डोंगरापलीकडं जंगल पेटलंय, सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा दिसतो. अमेरिकेनं कर आणखी वाढवला, पुढच्या गावातली गिरणीही जाणार म्हणतात. माझी ती रेघ आठव. तिचं शेवटचं टोक म्हणजे आमचं घर आहे. मी ती रेघ ओढताना रडत होते आणि तू हसलास.

राजेंद्रना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. खिशात कायम एक निळा खडू असायचा त्यांच्या, गिरणी बंद झाली तरी. तो काढून त्यांनी खिडकीत ठेवला आणि कामावर निघून गेले.

चूक माझीही आहे, मी लपवलं. पण लपवणं आणि विकणं यात फरक असतो. यापुढं लिहू नकोस. आईला काय सांगायचं ते तूच ठरव, खोटं बोलायची सवय आहेच.

रूपा


२८ सप्टेंबर २०२५
छत्रपती संभाजीनगर

चि. रूपास, पारूबाईचा जय भीम.

मी सांगती अन् सरिता लिहिती. तिला बजावलंय, माझा एक शब्द बदलला तर उद्यापासनं स्वयंपाक मी करीन. ती घाबरलीय, म्हंजी नीट लिहील.

तुम्ही दोघं मला काय समजता गं? डोळं अधू झालेत, हात नाय झाले. जन्मभर मी तुझ्या बापाच्या हाताखाली फळ्या धरल्यात. राजेंद्रच्या फळीची कड अंगठ्याखालून अशी सरकती, कुठं टोचत नाय. संघपालनं दाखवली तिची कड धारदार होती, माझ्या बोटात लाकडाची कूस गेली. तिथंच कळलं, ही राजेंद्रची नव्हं. मी गप बसले. म्हटलं पोरगं आपल्याहून सांगंल. घरी सुईनं कूस काढून घेतली सरिताकडनं. महिना गेला, दुसरा गेला, पोरगं बोलंना. इकडं तुझं पत्र बी बंद. मग मी सरिताला म्हटलं, ड्रॉवर उघड. सगळी पत्रं वाचून घेतली, तू आईला दाखवू नको म्हटलेलं सुदिक. मला दाखवू नको म्हणणारी तू कोण? मला काय काचंच्या कपाटात ठेवलंय व्हय?

लई खोटी निघालीस तू. ऑक्टोबरपासून पोरगी उपाशीतापाशी असंल अन् मला म्हणती, मजेत हाय. संघपाल तर तुझ्याहून वाईट. एकीनं झाकलं, दुसऱ्यानं रंगवलं. अन् मधी भांडणं कशाची, तर कॅनडा वर का न्यूझीलंड वर. तुमच्या त्या दोन्ही देशांना तुमची नावं तरी ठावकी हायत का?

काल त्यो विश्वजीत कागद घेऊन आला. चांगला चहा दिला मी त्याला, आपल्याच कपात. "मावशी, इथं सही करा," म्हणला. मी म्हटलं, बाळा, तिसरं नाव कुठंय? माझ्या जावयाचं? त्यो म्हणला, "मावशी, धंद्यात नातं नसतं." मी म्हटलं, मंग मला मावशी कामून म्हणतो? पेन टेबलावर ठेवून गेला.

संघपाल लई बोलला मला. म्हणला, माझं वाटोळं केलंस, बिडकीनचं शेड गेलं, दसरा गेला. आदळआपट केली, दार वाजवून निघून गेला. जाऊ दे. मला सही एकच येती, ती तू शिकवलेली, पाटीवर माझा हात धरून. त्या सहीनं मी तुझ्या नवऱ्याची जागा विकणार नाय. संघपालला सांगितलंय, नवीन शेड करायचं तर तीन नावानं कर, नायतर हे जुनं हाय ते काय वाईट हाय? विश्वजीतला तीन नावं चालत असतील तर त्यानं बी यावं, त्याच्याशी माझं वैर नाय. नसतील चालत तर त्यानं त्याचं लाकूड घेऊन जावं.

संध्याकाळी संघपाल परत आला. जेवला नाय. मी त्याला फडताळातली ती सहावी फळी काढायला लावली. म्हटलं, हिला शेडमध्ये ने अन् माझ्यासमोर हिचं पॅलेट कर. त्यानं केलं. खिळं ठोकताना रडत होता, नाक पुसत होता. मी त्याला उगी राह्य म्हटलं नाय. ठोकू दिलं.

फडताळात सहावीची जागा रिकामी हाय. राजेंद्रला सांग, गोदामाचं काम सोड अन् तिकीट काढ. पगारावर नाय, त्याच्या जागेवर ये म्हणावं. खिडकीत ठेवलेला खडू खिशात घालून आण. लाकूड कोणत्या बी देशाचं असू दे आता, लिहिणारा हात त्याचा पायजे.

अन् तू संघपालशी बोलू नको इतक्यात. दोन-चार दिवस त्याला बी कळू दे. मी हाय इथं, मी बोलती त्याच्याशी.

सरितानं जसंच्या तसं लिहिलंय का, ते मी परत वाचून घेतलंय. खाली सही माझी हाय.

पारूबाई कडुबा